फरशीवरची मिरची

होळी जवळ आली की आमच्या कॉलनीतल्या गच्च्या लाल होतात. वर्षाचं तिखट करायचं म्हणून कुणी चटईवर, कुणी जुन्या साडीवर मिरची पसरतं. परवा समोरच्या सूनबाईनं वाळलेल्या मिरच्या लोखंडी कढईत भाजायला घेतल्या आणि धूर थेट आमच्या खिडकीतून आत आला. मुलगा खोकत खोकत हसला. नात नाक दाबून घरभर पळाली. मी मात्र भिंतीला धरून उभी राहिले. आधी घशात ठसका, मग डोळ्यांत आग, आणि त्याच्या मागोमाग बैल उधळल्याचा आवाज. तो आवाज या कॉलनीत कुठेच नव्हता. पण मला तो ऐकू आला.

आदिलाबादेत येऊन मला बरीच वर्षं झाली. त्याआधीचं आयुष्य जैनथच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठच्या गावात गेलं. नदीच्या पल्याड महाराष्ट्र, अल्याड तेव्हाच्या आंध्रात आम्ही. शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी, घरात मराठी. गाव कापसाचं आणि ज्वारीचं, पण ऐंशीच्या दशकात आमच्याकडं मिरचीचा जोर होता. माघ-फाल्गुनात सारं गाव तिखट व्हायचं. बाया दिवसभर देठ खुडत बसायच्या. बोटांची आग इतकी व्हायची की भाकरी थापताना पिठाचा गारवा सुखाचा वाटे. अंगावर पाजणारी आई लेकराला दुसरीच्या हातानं जवळ घ्यायची, स्वतःचा हात त्याच्या डोळ्याला लागू नये म्हणून. त्या दिवसांत नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना हात लावताना विचार करत. प्रेमाचाही चटका बसायचा.

मिरची काळ्या मातीवरच वाळायची. पोत्यात भरण्याआधी तिच्यावर पाणी मारायचं, म्हणजे ती मऊ पडते आणि तुटत नाही. मग पोतं उभं करायचं आणि माणसानं आत उतरून पायांनी तुडवायचं. माझा नवरा नामदेव हे काम जीव खाऊन करायचा. मी त्याला जन्मात कधी नावानं हाक मारली नाही. तोंडावर 'अहो', मनात 'तो'. इथं लिहिताना नाव घेते. नामदेव पोत्यात उतरला की मांडीपर्यंत लाल होऊन बाहेर यायचा आणि नदीत जाऊन बसायचा. पाण्यात बसून शिव्या द्यायचा. त्याच्या शेजारी मारोती बसलेला असायचा, तसाच लाल, पण गप्प. दोघांची शेतं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. लहानपणी एकमेकांना आखाड्यात पाडत मोठे झालेले. नामदेवचा राग काडीसारखा, मारोतीचा राग कुणी पाहिलेलाच नव्हता.

आमची मिरची आदिलाबादच्या मार्केट यार्डातून राजन्ना नावाचा अडत्या घ्यायचा. तिथून ती बंदराला जायची आणि जहाजानं समुद्रापलीकडच्या एका देशात. त्या देशाचं नाव आम्ही नीट उच्चारूही शकत नव्हतो. पण आपल्या बोटांची आग तिथल्या कुणाच्या तरी जिभेवर जाते याचं आम्हा बायांना हसू यायचं, आणि थोडा अभिमानही वाटायचा.

त्या साली आमच्या गावच्या गाड्या यार्डात पोचल्या तेव्हा फाटक उघडं होतं, पण मोजमाप बंद होतं. शेकडो पोती, शेकडो बैल, ऊन माथ्यावर. मी गाडीतच होते. शेवंताही होती, मारोतीची बायको. आम्हाला बाजार करायचा होता. राजन्ना आपल्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "जहाज वापस आ गया. उधर की सरकार बोलती है, तुम्हारी मिरची में फफूंद का जहर है. एक बोरा नहीं लेंगे. अभी भी नहीं, आगे भी नहीं."

मिरचीत बुरशीचं विष, हे ऐकून आधी लोकांना वाटलं भाव पाडण्याची चाल आहे. कुणीतरी पुढं होऊन मूठभर मिरची तोंडात कोंबली आणि चावत ओरडला, "हे पाह्य! मेलो का मी? जहर म्हणे!" लोक हसले. ते हसू फार वाईट होतं. हसता हसताच पहिला दगड राजन्नाच्या दुकानाच्या पत्र्यावर पडला. मग दगडच दगड. पोलीस लाठ्या घेऊन आत शिरले. आमच्या गावच्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर लाठी बसली, तो खाली बसला आणि कपाळावरचं रक्त हातानं पुसून त्या हाताकडं बघत राहिला.

ते पाहून नामदेवनं आपलं पोतं फाडलं. मिरची मातीत ओतली, वर दुसरं पोतं, तिसरं. मारोती ओरडत होता, "नाम्या, नोको! बैलं हायेत!" नामदेवनं काडी ओढली.

मिरची भडकून पेटत नाही. ती धुमसते. आधी तागाचं पोतं पेटलं, मग ढिगातून पिवळट धूर निघाला आणि खालीच पसरला. क्षणात कुणाला कुणी दिसेना. पोलीस लाठ्या टाकून तोंडं झाकत पळाले. शेतकरी ओकत होते. राजन्ना दुकानात अडकून आतून दार बडवत होता. माणूस निदान धुराकडं पाठ करतो. गाडीला जुंपलेल्या बैलानं काय करावं? आमच्या बैलांनी कासरे तोडले. सगळ्या यार्डातले बैल एकदम उधळले, गाड्यांसकट, डोळे मिटून. मी गाडीतून फेकली गेले. पडल्या पडल्या मला धुरातून मारोती दिसला. तो नामदेवला ढिगापासून ओढून काढायला आत शिरला होता. त्यानं नामदेवला ढकललं, नामदेव एका बाजूला पडला आणि आमचीच गाडी, आमच्याच बैलांची, मारोतीच्या पायावरून गेली.

हाडाचा आवाज मी ऐकला. इतक्या गदारोळात तो वेगळा ऐकू आला.

दवाखान्यात मारोतीचा पाय वाचला, पण वाकडा बसला. जबाब घ्यायला जमादार आला आणि त्यानं खाटेपाशी खुर्ची ओढून विचारलं, "किसने जलाया? नाम बोलो." मी दाराशी उभी होते. मारोती छताकडं बघून म्हणाला, "नाई पायलं. धूर होता." जमादारानं दोनदा, तीनदा विचारलं. उत्तर तेच. गावात सगळे म्हणाले, मोठ्या मनाचा माणूस. मी त्याचा चेहरा पाहिला होता. त्यात माफी नव्हती. नामदेवला त्यानं पोलिसांच्या हाती दिलं नाही, कारण त्याला तो स्वतःच्या हातात हवा होता.

शेवंतानं वाट पाहिली नाही. मारोतीला घरी आणलं त्याच आठवड्यात तिनं मला नदीवर गाठलं. मी धुणं धूत होते. तिनं मागून माझे केस धरले आणि तोंड दगडावर आपटलं. मी तिच्या मनगटाला चावले. दोघी पाण्यात पडलो. ती माझ्या अंगावर बसून मारत होती आणि रडत होती आणि म्हणत होती, "लंगडा केला वो तुमी त्याले! लंगडा केला!" माझा पुढचा दात तेव्हा अर्धा तुटला. अजून तसाच आहे. नात विचारते, आजी, दात कसा तुटला? मी सांगते, मैत्रिणीनं तोडला. तिला ते खोटं वाटतं.

त्या पावसाळ्यात निम्म्या गावानं मिरची सोडून कापूस घातला. आमच्यासारखे काही राहिले. आमची नदीकाठची जमीन मिरचीचीच, आणि नामदेवचा हट्ट. "जहर म्हणते का? मी दाखवतो त्यायले," एवढंच तो बोलायचा. बाकी दिवसभर कुणाशी बोलत नसे. मारोतीच्या घरासमोरून जाताना मान खाली घालून जायचा, आणि परत आला की बैलांना उगाच मारायचा. एकदा मी चाबूक हिसकून घेतला तर त्यानं माझ्यावर हात उगारला. मग तो हात त्यानं स्वतःच्याच तोंडावर मारला, दोन-तीनदा, आणि गोठ्यात जाऊन बसला.

पिकाला फळ धरलं तेव्हा राजन्ना एकटाच, मोटारसायकलवर गावात आला. त्याच्या दुकानावर दगड टाकणारेच त्याच्याभोवती जमले. तो घाबरलेला होता, तरी बोलला. पहिल्या देशाचं दार बंदच होतं. पण दुसरा एक देश तपासून माल घ्यायला तयार होता. अट अशी की मिरची मातीला लागायची नाही, तिच्यावर पाण्याचा थेंब पडायचा नाही, आणि साऱ्या गावाचा माल एकसारखा पाहिजे. एका पोत्यात बुरशी निघाली की सगळाच माल परत.

"पाणी नाई मारलं तं मिरची तुटन," कुणीतरी म्हणालं.

"टूटने दो," राजन्ना म्हणाला. "सडने से अच्छा."

मातीला लागू नये म्हणजे वाळवायची कुठं? घरं मातीची, अंगणं मातीची. सिमेंटचं खळं आमच्याकडं कुणाचंच नव्हतं. गावात एकच जागा होती. मारोतीच्या शेताच्या टोकाला, नदीच्या उतारावर, चुनखडीच्या दगडाचा मोठा सपाट पाट जमिनीतून वर आलेला होता. एखाद्या मंगल कार्यालयाएवढा. आम्ही त्याला फरशी म्हणायचो. उन्हात तो तव्यासारखा तापायचा. सगळ्यांनी एकाच वेळी त्या फरशीचा विचार केला आणि सगळ्यांनी एकाच वेळी नामदेवकडं पाहिलं.

मारोतीनं सरपंचाला नाही म्हटलं. म्हाताऱ्यांना नाही म्हटलं. शेवटी मी गेले, शेवंताकडं. ती ओट्यावर तूर पाखडत होती. नदीवरच्या मारामारीनंतर आम्ही पहिल्यांदाच समोरासमोर आलो होतो.

"काऊन आली?"

"फरशी पाह्यजे."

"फरशी माह्या बापाची हाय का? त्याले इचार."

"तो बोलते का कोणाशी?"

शेवंतानं सूप खाली ठेवलं. आतल्या खोलीकडं एकदा पाहिलं. "बोलत नाई. झोपीत दात खाते. लेकरं भेतात त्याले आता." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सुमन, त्याच्या पोटात साचून राह्यलं हाय ते. तुह्या नवऱ्याले पाठव. तो मारन. लय मारन. तू मंधात पडू नोको, मी बी नाई पडणार."

"मेला गिला तं?"

"मरू नाई देणार मी. पण मारू देईन."

तूर पाखडायला मीही बसले. लेकरांचं लग्न ठरवावं तसं आम्ही आपापल्या नवऱ्याचं हे ठरवलं होतं.

घरी आल्यावर मी नामदेवला सांगितलं. तो जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला नाही. "कवा?" एवढंच विचारलं.

"उद्या सकाळी."

"मंग भाकर वाढ आजून एक."

सकाळी आम्ही गेलो तेव्हा मारोती अंगणात खाटेवर बसला होता. त्याला कुबडीशिवाय उभं राहता येत नव्हतं, आणि मारायला तर कुबडीच हवी होती. नामदेवनं ते एका नजरेत ओळखलं. तो पुढं गेला आणि खाटेपाशी खाली मातीत बसला, मारोतीचा हात पोचेल असा. पाठ त्याच्याकडं करून.

पहिला फटका खांद्यावर बसला. नामदेव हलला नाही. दुसरा पाठीवर, तिसरा कानाखाली. मारोतीच्या तोंडून आवाज येत होता, लाकूड फोडताना येतो तसा. नामदेवचा सदरा फाटला. अंगणाबाहेर गाव उभं होतं, कुणी आत येत नव्हतं. मी शेवंताचा हात धरला होता, की तिनं माझा, मला माहीत नाही. तिच्या मनगटावर माझ्या दातांचे वण होते आणि मी नेमकं तिथंच घट्ट धरून होते. एका फटक्याला नामदेव पुढं कोसळला. हात टेकवून पुन्हा उठून बसला, पुन्हा पोचेल असा. तेव्हा मारोती पहिल्यांदा बोलला. "मी तुले ओढाले आलतो, नाम्या," तो म्हणाला. "ओढाले आलतो मी." आणि मग कुबडी मोडेपर्यंत मारलं.

कुबडी मोडल्यावर तो रिकाम्या हाताकडं बघत बसला. शेवंता म्हणाली, "झालं." नामदेव उठला. तोंडातलं रक्त थुंकला. मारोतीनं दुसरीकडं बघून म्हटलं, "फरशी झाडून घ्या. शेळ्यायच्या लेंड्या हायेत तिथं." नवी कुबडी नामदेव करून देईल असं कुणाला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. मारोतीनं ती स्वतःच तासली.

मिरची फरशीवर पडली. मला ते दृश्य अजून डोळे मिटून बघता येतं. खाली पांढरा दगड, त्यावर गावभराची लाली, पलीकडं आटत चाललेली पैनगंगा. दगडावर मिरची आठवडाभरात खुळखुळ वाजायला लागली. पायी तुडवणं बंद झालं. भरायचं काम आम्हा बायांकडं आलं. ओंजळीनं, अलगद, अंडी ठेवावी तशी. एकानं जुन्या सवयीनं आपल्या ढिगावर शिंपडायला पाण्याचं मडकं आणलं. शेवंतानं दगड उचलून ते मडकं त्याच्या हातातच फोडलं. पाणी त्याच्या धोतरावरून वाहिलं. "पुढच्या वक्ती डोकं फोडीन," ती म्हणाली, आणि ती फोडेल याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती.

माल भरायला थोडाच उरला होता त्या दुपारी पश्चिमेकडून आभाळ काळं-निळं झालं. फाल्गुनातलं आभाळ, गारांचं. सारं गाव फरशीकडं पळालं. ताडपत्र्या ओढल्या, कडांवर दगड ठेवले, पण वाऱ्यानं दगडांसकट ताडपत्री उचलली. ती पिसाळल्यासारखी फडफडत होती. तिच्या कडेचा फटका लागून एका बाईचा गाल फाटला. मारोती कुबडीवर उड्या मारत आला, कुबडी फेकली आणि ताडपत्रीच्या कडेवर पालथा पडला. ओरडला, "नाम्या! तिकडचं टोक धर! झोप त्याच्यावर!"

त्या माराच्या दिवसानंतर मारोती नामदेवशी बोलला नव्हता. नामदेव दुसऱ्या टोकावर पालथा पडला. मग आम्ही सगळेच पडलो, बाया, माणसं, एकमेकांच्या पायाशी डोकं करून. गारा आल्या. लिंबाएवढ्या. डोक्यावर हात घ्यावा तर कड सुटते, म्हणून कुणी हात घेतला नाही. पाठीवर, मानेवर, टाचांवर त्या आदळत होत्या. माझ्या पोटाखाली मिरची चुरचुर वाजत होती, आणि ताडपत्रीतून तिचा उग्र वास वर येत होता. इतक्या माराखालीही माझ्या मनात एकच होतं, ओली नको होऊ, बाई, ओली नको होऊ.

गारा थांबल्या तेव्हा नामदेवच्या डोक्यातून रक्त येत होतं आणि मारोतीच्या पाठीवर एकही जागा निळी व्हायची राहिली नव्हती. मिरची कोरडी होती.

राजन्नानं नमुना बंदराला पाठवला. तो पास झाल्याचं कळलं तेव्हा कुणी नाचलं नाही. गाव नुसतं सुस्कारा टाकून बसलं. त्यानंतर काही वर्षं आमची मिरची त्या दुसऱ्या देशात गेली. पहिल्या देशाचं दार आमच्यासाठी पुन्हा उघडलं नाही. आम्ही त्याची वाट बघणं सोडून दिलं. नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं, त्याला ना देठ खुडायचे ना बोटं जाळायची, आणि मिरची हळूहळू गावातून निघून गेली. ती फरशीही आता नाही. रस्त्याच्या गिट्टीसाठी सुरुंग लावून ती फोडली. मी तेव्हा गावात होते. प्रत्येक धमाक्याला घराची भांडी हलायची, आणि शेवंता माझ्याकडं येऊन बसायची, कानांवर हात ठेवून. नामदेव आणि मारोती दोघंही त्याआधीच गेले होते.

त्यांची मैत्री पुन्हा पहिल्यासारखी झाली का, असं मला मुलानं एकदा विचारलं होतं. मी त्याला पहिली लॉरी गेली त्या दिवसाचं सांगितलं.

लॉरी भरून फरशीवरून निघाली. चढावर तिचं इंजिन घरघरलं, धूळ उडाली आणि ती दिसेनाशी झाली. बाया हातांची आग विझवायला ताकाच्या गाडग्याभोवती जमल्या. मारोती रिकाम्या दगडावर बसला होता, पाय पसरून. नामदेव त्याच्यापासून थोडा दूर. दोघंही लॉरी गेली त्या वाटेकडं बघत होते. मग मारोती म्हणाला,

"नाम्या, माह्या मारानं तुहं काई मोडलं का?"

"बरगडी."

"किती?"

"एक."

मारोतीनं आपल्या वाकड्या पायाकडं पाहिलं. "माहा तीन जागी मोडला."

"मंग दोन राह्यले."

"राह्यले."

नामदेवनं सदरा काढला, गुंडाळून बाजूला ठेवला आणि सरकत सरकत त्याच्यापाशी जाऊन पाठ करून बसला. त्या पाठीवर कुबडीचे जुने वण होते आणि गारांचे नवे.

"घे मंग," तो म्हणाला.

शेवंता ताकात बुडवलेले हात तसेच ठेवून थांबली. मीही. मारोतीनं त्या पाठीकडं पाहिलं, कुबडी उचलली आणि तिच्यावर भार देऊन उभा राहिला.

"आता नाई," तो म्हणाला. "पुढच्या सालीबी फरशी लागनच तुले."